रात्रपाळीचा खेळ

एरिक बरोनची गोष्ट मला आजवर निदान वीस जणांनी पाठवली असेल. मामेभावाने पाठवली, शाळेतल्या मैत्रिणीने पाठवली, सोसायटीच्या सेक्रेटरींनीही पाठवली. खाली प्रत्येकाची तीच ओळ: जिद्द सोडू नकोस.

गोष्ट खरी आहे आणि मला ती प्रिय आहे. अमेरिकेतल्या टकोमा शहरात २०११ मध्ये संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा. नोकरी लागेना. हात बसावा म्हणून त्याने शेतीवरचा एक छोटा गेम करायला घेतला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, संवाद त्याचे, कोड त्याचा. थोड्या दिवसांचं म्हणून धरलेलं काम साडेचार वर्षं चाललं. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी 'स्टारड्यू व्हॅली' विक्रीला आला. दोन महिन्यांत दहा लाख प्रती खपल्या आणि २०२४ संपेतो आकडा चार कोटींच्या पुढे गेला.

पाठवणारे एक भाग गाळतात. त्या वर्षांत बरोन सिएटलच्या पॅरामाउंट थिएटरात लोकांना त्यांच्या खुर्च्या दाखवायचं काम करत होता, तेही अर्धवेळ. घर मुख्यतः चालत होतं ते त्याची जोडीदार ॲम्बर हेगमन हिच्या कमाईवर. साडेचार वर्षं. तिचं नाव या गोष्टीत असायलाच हवं. ते गाळलं की मागे नुसती जिद्द उरते, आणि मग ती आमच्यासारख्यांच्या डोक्यावर ठेवली जाते: त्याला जमलं, तुला का जमत नाही?

माझ्या घरातली ॲम्बर म्हणजे माझा नवरा. घराचा हप्ता त्याच्या पगारातून जातो. मी दिवसा एका कंपनीत दुसऱ्यांचे गेम तपासते. कुठे माणूस भिंतीतून आरपार जातो, कुठे पैसे कापले जातात पण तलवार हातात येत नाही, ते शोधून लिहून ठेवायचं. रात्री साडेनऊ ते साडेअकरा माझा स्वतःचा गेम. आठवड्याचे पाच दिवस. चित्रं काढणारी मैत्रीण नाशिकला असते, तिला वेळ मिळतो तो पहाटे, मुलगा उठायच्या आधी. मी झोपायला जाताना फाइल ठेवते, ती उठून उचलते. माझे दोन तास नवरा ओटा आवरतो म्हणून मिळतात, तिचे दोन तास सासूबाई डबा करतात म्हणून.

कॉलेजातली मुलं मला विचारतात, ताई, उमेद कशी टिकवता? मी उलटं विचारते, घरभाडं कोण भरतं? मुलं गोंधळतात. त्यांना मनाबद्दल ऐकायचं असतं. पण महिन्याच्या पाच तारखेला पैसे कुठून येणार हे ज्याला ठाऊक नाही, त्याचं मन गेममध्ये राहणार कसं? वीस तारखेपासून त्याला प्रत्येक पातळी बेचव वाटायला लागते. मग तो म्हणतो, माझ्यातली कल्पकता संपली. काही संपलेलं नसतं. पोर घाबरलेलं असतं.

व्यासपीठावरून 'नोकरी सोडा, स्वप्नामागे धावा' सांगणाऱ्यांना माझं एकच म्हणणं आहे. खाली उतरा आणि ऐकणाऱ्या मुलाचं सहा महिन्यांचं भाडं भरा. भरणार नसाल तर ते वाक्य बोलू नका.

आमच्या पुण्यातलंच उदाहरण घेऊ. 'नॉडिंग हेड्स गेम्स' हा २०१७ मध्ये उभा राहिलेला छोटा चमू. 'राजी' हा त्यांचा गेम. दैत्यांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली मुलगी. राजस्थानी महाल, पहाडी चित्रांचे रंग, सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडणाऱ्या कथा. आणि गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. गेम पुरा करायला त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे एक लाख वीस हजार पौंड मागितले. रक्कम पुरी झाली नाही. तिथे रक्कम पुरी झाली नाही तर जमलेल्यातलाही पैसा हाती पडत नाही. संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकला. पुढे एपिक गेम्सचं अनुदान मिळालं, प्रकाशक मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये 'राजी' आला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन होतं.

मी तो गेम खेळले तेव्हा माझा ऊर भरून आला होता. आपल्या गावात बसून कुणी हे केलं, याचा आनंद मला आजही आहे. पण याच गोष्टीतून 'बघा, घर विकायची तयारी हवी' असा धडा काढणारे भेटतात, तेव्हा मला संताप येतो. घर विकूनही ज्यांचं जमलं नाही त्यांची मुलाखत कोण घेतं? ती माणसं निमूट दुसऱ्या कामाला लागलेली असतात. लग्नसमारंभात कुणी 'तुझ्या त्या गेमचं काय झालं' विचारलं की ताट घेऊन दुसऱ्या टेबलाकडे जातात. मी अशी तीन माणसं ओळखते, तिघंही माझ्याहून चांगलं काम करणारी.

फ्लॅट विकू नका. आईचे दागिने गहाण टाकू नका. मित्राकडून उसने घेऊ नका, कारण गेमही जाईल आणि मित्रही. नोकरी धरून रात्री काम करण्यात कमीपणा नाही. गेमला चार वर्षं जास्त लागतील, लागू देत.

आता हिशेब. स्टीम या ऑनलाइन दुकानात गेम ठेवायचा तर आधी १०० डॉलर भरावे लागतात. गेमने १,००० डॉलरचा धंदा केला की ते परत मिळतात. विक्रीतले ३० टक्के दुकान ठेवतं. घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळून परत केला तर पैसे परत जातात, आणि गिऱ्हाईक म्हणून मला हा नियम योग्य वाटतो. वर्षाला दहा हजारांहून जास्त नवे गेम तिथे येतात. दहा परीक्षणं जमल्याशिवाय गेमच्या नावापुढे बरा-वाईट शेरा उमटत नाही. शेरा नसलेला गेम म्हणजे पाटी नसलेलं दुकान, लोक समोरून निघून जातात.

आमच्या पहिल्या गेमला चार परीक्षणं मिळाली. पहिल्या आठवड्यात एकोणीस प्रती गेल्या, त्यातल्या सहा घरच्यांच्या आणि मैत्रिणींच्या. किंमत होती १९९ रुपये.

इथे मला त्या वीस जणांकडे परत जायचं आहे. ज्यांनी मला बरोनची गोष्ट पाठवली, जिद्द सोडू नकोस म्हणून सांगितलं, त्या वीसांपैकी माझा गेम किती जणांनी खेळला? तिघांनी. सतरा जणांना माझी जिद्द हवी होती, गेम नको होता.

मला हे लागलं. अजून लागतं. कुणी खेळून 'कंटाळा आला' म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी तो कंटाळा शोधत बसले असते. दुसऱ्या पातळीत येतो की तिसऱ्या. तक्रारीवर काम करता येतं. पण अडीच वर्षांचं काम बाहेर ठेवलं आणि समोरून काहीच आलं नाही, की हात कशाला लावायचा तेच कळत नाही. त्यानंतरचे चार महिने मी लॅपटॉप उघडायची, फाइल उघडायची, आणि बंद करायची. नवरा विचारायचा, झालं का? मी हो म्हणायची.

त्या चार महिन्यांत मला कोणत्याही प्रेरक भाषणाने उठवलं नाही. उठवलं ते दोन भावांच्या हकिगतीने, आणि ती मात्र मला कुणीच पाठवली नव्हती.

टार्न आणि झॅक ॲडम्स. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' हा गेम त्यांनी २००२ मध्ये सुरू केला. टार्न स्टॅनफर्डचा गणितातला पीएच.डी., विद्यापीठातलं काम सोडून पूर्ण वेळ यात उतरला. २००६ मध्ये गेम लोकांपुढे आला तो फुकट. त्यात चित्रं नव्हती. अक्षरं आणि चिन्हं यांनीच डोंगर, बुटके, मांजरं, कारंजी सगळं दाखवलेलं. बाहेरच्याला वाटावं पडदा बिघडला आहे. पण आत एक अख्खं जग होतं, त्याचा इतिहास, त्याचे खडक, त्याच्या माणसांचे रुसवेफुगवे. खेळणारे स्वखुशीने पैसे पाठवायचे. कुणी थोडे, कुणी बरेच, पुष्कळ जण महिन्याच्या महिन्याला. आणि दोघे भाऊ त्याची पोच म्हणून पाठवणाऱ्याला रंगखडूने काढलेलं एखादं चित्र किंवा एखादी लहानशी गोष्ट द्यायचे.

इथे मी थांबले. सोळा वर्षं, २००६ ते २०२२, ते असे जगले. पुढे झॅकच्या त्वचेच्या कर्करोगावर उपचार करावे लागले, तेव्हा अमेरिकेतल्या औषधोपचाराच्या खर्चाची धास्ती दोघांना बसली. म्हणून २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की गेमची चित्रांसह विकत घ्यायची आवृत्ती काढू. ती ६ डिसेंबर २०२२ रोजी आली आणि पहिल्याच महिन्यात लाखो प्रती गेल्या. सगळे त्या महिन्याबद्दल बोलतात. मला आधीची सोळा वर्षं महत्त्वाची वाटतात. तेव्हा त्यांच्याकडे कोट्यवधी खेळाडू नव्हते. पण जे होते ते खेळत होते, बारकावे विचारत होते, आपापल्या किल्ल्यांच्या हकिगती लिहून कळवत होते. मांजरं मरताहेत असं एका खेळाडूने कळवलं, तर टार्न तपास करतो आणि त्याला सापडतं की खानावळीत सांडलेली दारू मांजरांच्या पंजांना लागते आणि ती पंजे चाटतात. असा प्रश्न विचारणारा माणूस मिळाला तर मीही सोळा वर्षं काढीन.

मी दुसरा गेम सुरू केला. विषय मला फार दिवस खुणावत होता. माझे वडील, आप्पा, पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, नीरा डाव्या कालव्यावर. माझ्या लहानपणी उन्हाळी आवर्तनात ते रात्री सायकल काढून चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, जायचे. कुणाची पाळी किती वाजता, दार किती उघडायचं, कुणी मध्येच बांध फोडला तर काय करायचं, ही बोलणी जेवताना कानांवर पडायची. माझ्या गेममध्ये तुम्ही पाटकरी आहात. रात्र आहे, कंदील आहे, चारीवर अकरा शेतकरी आहेत आणि पाणी सगळ्यांना पुरेल एवढंच सुटलेलं आहे.

गेममधली भाषा मराठी असावी हा माझा हट्ट होता आणि त्यापायी सुरुवातीचा काळ वाया गेल्यासारखा वाटला. गोडो हे आमचं गेम बनवायचं साधन, फुकट आणि सर्वांना खुलं. त्याच्या तेव्हाच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी नीट उमटत नव्हती. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची. जोडाक्षरं फुटायची, 'रात्र' लिहिलं तर पाय मोडलेला त आणि र वेगवेगळे उभे. मी शब्दांची चित्रं करून चिकटवत होते. एक शब्द बदलला की चित्र नवं. मार्च २०२३ मध्ये गोडोची चौथी आवृत्ती आली आणि तिच्यात अशा लिप्या नीट जुळवायची सोय होती. मी तीच जुनी फाइल उघडली. पडद्यावर 'किती वाजता पाणी सोडायचं?' असं अक्षर न अक्षर जागच्या जागी उमटलं. 'कि'ची वेलांटी 'क'च्या आधी! मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं. जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसून, आमच्याकडून पैसे न घेता, कुणीतरी हे काम करून ठेवलं होतं. मला त्या लोकांचे आभार मानायचे आहेत, या सदरातून का होईना.

रोजच्या कामाचं विचाराल तर मला उपयोगी पडलेली एक गोष्ट आहे. रात्री उठताना मी काम पुरं करून उठत नाही. दाराची कळ फिरते पण आवाज येत नाही, तिथेच थांबते. दुसऱ्या रात्री दमून बसले तरी काय करायचं ते ठाऊक असतं, आवाज जोडला की हात चालू लागतात. आणि मी गेम कापला. आधी चाळीस पातळ्या होत्या, आता बारा आहेत. चाळीस पातळ्यांचा गेम मी मनात करत होते, बारांचा हाताने करते आहे.

एवढं सगळं करून ज्या माणसाला पहिल्यांदा दाखवायचा, त्यालाच मी तीन वर्षं दाखवला नव्हता. आप्पांना गेम हा शब्दच आवडत नाही. त्यांच्या गावात मोबाइलवर पैसे लावून दोन पोरांची शेती गेली आहे. त्यांच्या लेखी गेम म्हणजे ते. मी काय करते हे मी त्यांना 'कॉम्प्युटरचं काम' एवढंच सांगत आले. गेल्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आठ दिवस होते. एका रात्री साडेदहाला पाणी प्यायला उठले आणि माझ्यामागे येऊन उभे राहिले.

पडद्यावर चारी होती. कंदील होता.

"हे काय, आपली चारी?" ते म्हणाले.

मी त्यांना खुर्चीत बसवलं. माउस हाताला जड जात होता, मी त्यांच्या हातावर हात ठेवून दोनदा दाखवलं. मग ते एकटे लागले. पहिलं दार उघडलं, पाणी पहिल्या शेतात शिरलं, गेमने टुण्ण केलं, आणि आप्पांनी माउस सोडून दिला.

"चुकलंय तुझं."

"काय आप्पा?"

"आगं, हेडच्याला आधी पाणी कसं देतीस? आधी टेलच्याला पोचवायचं. तिथनं वर वर यायचं. वरच्याला पयलं दिलंस तर त्यो भरून घेतोय, आन खालच्याचं रान तसंच वाळतंय. शेजपाळी म्हणजे काय मग?"

तीन वर्षं मी पाणी उताराच्या दिशेने वाटत होते, कारण पाणी तसंच वाहतं. आप्पांच्या नोकरीचा सारा अर्थ उलट दिशेने होता. पाणी ज्यांच्या दारावरून जातं त्यांनी ते न घेता पुढे जाऊ द्यायचं, शेवटच्या माणसाची तहान भागली की मग आपलं दार उघडायचं. रात्री सायकल काढून ते राखण करायचे ती याची. माझ्या गेममध्ये हेच नव्हतं आणि म्हणून तो पाचव्या पातळीनंतर कंटाळवाणा होत होता. हे मला तपासणीचं काम करून कधी सापडलं नसतं.

बारापैकी नऊ पातळ्या मोडाव्या लागल्या. आप्पा पुढच्या सहा रात्री माझ्या शेजारी बसले. हेडच्या शेतकऱ्याने कुठे काय सबब सांगावी ते त्यांनी सांगितलं, सात नंबरचा फॉर्म न भरता पाणी मागायला येणारा माणूस कसा बोलतो ते करून दाखवलं. मी सगळं लिहून घेतलं. चार महिने फाइलकडे बघवत नव्हतं, त्या काळापासून मी एवढं हसले नव्हते.

म्हणून, जिद्दीचे निरोप पाठवणाऱ्यांनो, तुमच्या ओळखीत कुणी गेम करत असेल तर त्याला गोष्ट पाठवू नका. त्याचा डेमो उघडा. निरोप लिहायला लागतो तेवढ्यात तो सुरू होतो. वीस मिनिटं खेळा आणि कुठे चुकलंय ते तोंडावर सांगा. आवडला तर पूर्ण किमतीला विकत घ्या, सवलतीची वाट बघू नका, आणि दोन ओळींचं परीक्षण लिहा. दहा जणांनी लिहिलं की त्याच्या दुकानावर पाटी लागते.

आप्पा गावी परतले. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. तब्येत, पाऊस, गाय व्यायली, सगळं झाल्यावर म्हणाले, "त्ये खेकड्याचं घातलंस का?"

"कसलं खेकड्याचं?"

"रातचं पाणी निम्मं बांधातनंच जातंय. खेकड्याचं बीळ आसतंय. दिसत नाय, नुसता आवाज येतो. पाटकऱ्याला कान लागतो, बाई. त्ये घाल."

मी नाशिकला निरोप ठेवला: एक खेकडा हवा, आणि बांधाला बीळ. सोमवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी तिचं चित्र आलं. अंधारात अर्धा बाहेर आलेला खेकडा, एक नांगी दुसरीपेक्षा मोठी. रात्री साडेनऊला मी त्याला आवाज जोडायला घेतला.